दारुहरिद्रेची युरोपीय भगिनी

'बर्बेरिस व्हल्गॅरिस' हे नाव मुतखड्याच्या रुग्णाच्या तोंडून ऐकले नाही असा वैद्य महाराष्ट्रात विरळा. होमिओपॅथीच्या थेंबांच्या बाटलीवर ते छापलेले असते आणि रुग्ण ते मंत्राप्रमाणे उच्चारतो. अलीकडे त्याच्या जोडीला 'बर्बेरिन' हा शब्द आला आहे. २०२३ मध्ये समाजमाध्यमांवर या द्रव्याचा 'निसर्गातील ओझेम्पिक' म्हणून गाजावाजा झाला आणि मधुमेही व स्थूल रुग्ण परदेशी बनावटीच्या गोळ्यांची बाटली घेऊन आमच्यासमोर बसू लागले. प्रश्न बहुधा एकच असतो : "वैद्यराज, ही आपली दारुहळदच ना?"

'होय' असे उत्तर देण्याचा मोह होतो. वंश एक, लाकडाचा पिवळा रंग एक, रस तिक्त, आणि रसायनशास्त्राने दाखविलेले मुख्य कार्यकारी तत्त्वही एक. त्यातच आपल्या प्राचीन द्रव्याला पाश्चात्त्य प्रयोगशाळेची मान्यता मिळाल्याचे समाधान. तरीही आमच्या मते या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असेच आहे. ते का, हे समजण्यासाठी त्या झुडपाची मूळ भूमी आणि तेथील मनुष्याशी असलेले त्याचे गुंतागुंतीचे नाते पाहिले पाहिजे. द्रव्यगुणाच्या आपल्या पाठ्यग्रंथांत या झुडपाचा उल्लेख एखाद्या ओळीपलीकडे क्वचितच जातो. त्याची योग्यता त्याहून अधिक आहे.

मध्य व दक्षिण युरोप, वायव्य आफ्रिका आणि पश्चिम आशिया हा याचा स्वाभाविक प्रदेश. चुनखडीचे, खडकाळ, उन्हाकडे तोंड करून असलेले उतार त्याला विशेष मानवतात. स्वित्झर्लंडमधील रोन नदीचे वरचे खोरे, एंगाडिन, ऑस्ट्रियातील तिरोल अशा आल्प्सच्या तुलनेने कोरड्या खोऱ्यांत विरळ पाइनवनाच्या कडेला किंवा दगडधोंड्यांच्या बांधांवर ते उभे असते. आपल्या परिभाषेत बोलायचे तर शीत प्रदेशातील हा जांगल देश होय. झुडूप दोन-तीन मीटर वाढते. फांदीवर जे तीन फाट्यांचे काटे दिसतात ती वस्तुतः रूपांतरित झालेली पाने आहेत. त्या काट्याच्या बगलेतून आखूड कोंब निघतो आणि त्यावर खऱ्या पानांचा झुबका येतो. पानांच्या कडा बारीक, केसाळ दातांच्या. शरद ऋतूत ती रंग पालटून गळतात आणि हिवाळाभर नुसत्या काटेरी काटक्यांचा पसारा उरतो. मे-जून महिन्यांत पिवळ्या फुलांचे लोंबते घोस येतात. फुलातील पुंकेसरांना मधमाशीच्या सोंडेचा स्पर्श झाला की ते झटक्याने आत वळतात आणि तिच्या अंगावर पराग थोपटतात. हे पाहण्यासाठी भिंगाचीही आवश्यकता नाही, एक काडी पुरते. पुढे त्याच घोसांत सेंटिमीटरभर लांबीची, लाल, अतिशय आंबट फळे धरतात.

आपली दारुहरिद्रा, म्हणजे बर्बेरिस अरिस्टाटा, हिच्याशी ताडून पाहिले तर भेद लगेच ध्यानी येतो. हिची पाने जाड, चर्मिल. ती एकदम सर्व गळत नाहीत. फळ पिकल्यावर निळसर-जांभळे होते व त्यावर पांढुरकी लव असल्यासारखी झाक येते. कुमाऊंमध्ये लोक 'किल्मोड़ा' म्हणून जे फळ आवडीने खातात ते या वंशातलेच. पण वाळलेले खोड किंवा मुळी तुकडे करून पोत्यात भरली की हे सारे भेद नाहीसे होतात, आणि आपल्यापर्यंत येते ते पोतेच.

युरोपीय भाषांनी या झुडपाला त्याच्या आंबटपणावरून ओळखले. जर्मन भाषेतील एक नाव 'झाउअरडॉर्न', म्हणजे सरळ 'आंबट काटा'. फ्रेंच नावातही काटा व आंबटपणा दोन्ही आहेत. लिंबे सहज मिळत नसत त्या काळी उत्तरेकडील स्वयंपाकघरांत ही फळे आंबटपणासाठी वापरीत. त्यांचा मुरंबा, जेली, मांसाबरोबरचे तोंडीलावणे होई. मुळांच्या सालीचा पिवळा रंग लोकर आणि कातडे रंगविण्यास उपयोगी पडे. औषधात मुळाची साल मुख्यतः यकृत-पित्ताच्या तक्रारींसाठी, विशेषतः कामलेत दिली जाई. पिवळा रोग, पिवळी साल, असा रंगसाम्याचा तर्क त्यामागे होता. तर्क भाबडा खरा. परंतु तिक्त रसाचे द्रव्य पित्तविकारात द्यावे हा निष्कर्ष आपल्या शास्त्राने स्वतंत्र मार्गाने काढलेला आहे, म्हणून आम्ही त्याला हसणार नाही.

येथे अंगभेदाकडे लक्ष द्यावयास हवे. पिकलेल्या फळात बर्बेरिन जवळजवळ नसते. ते मुळाच्या व खोडाच्या सालीत आणि लाकडात असते. फळ हे अम्ल, रुचिकर आहारद्रव्य. साल हे तिक्त औषध. इराणच्या खोरासान प्रांतात बिर्जंद व काईनच्या परिसरात या झुडपाच्या बिनबियांच्या जातीची मोठी शेती आहे. तेथील 'ज़रिश्क' हे वाळविलेले फळ भातात घालतात, युनानी वैद्यकात औषध म्हणून वापरतात, आणि मुंबईतील जुन्या इराणी उपाहारगृहात 'बेरी पुलाव' खाल्लेल्या वाचकाने ते चाखलेलेही असेल. त्या पुलावाने कोणाची प्रमेहचिकित्सा होणार नाही, हे सांगावे लागते याचे कारण बाजारात 'बार्बेरी' या एकाच शब्दाखाली फळ, साल आणि शुद्ध क्षार अशी तीन निराळी द्रव्ये विकली जातात.

युरोपच्या घरी हे झुडूप असताना युरोपला आपल्या दारुहरिद्रेची ओढ होती, ही गोष्ट आपल्या व्यवसायबंधूंना फारशी ज्ञात नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ग्रीक वैद्य डायोस्कोरायडीझ याने 'लायकियन' नावाच्या घनसाराचे वर्णन केले आहे. नेत्ररोगांत त्याचा विशेष उपयोग होई. आशिया मायनरमध्ये तो तयार होत असे, परंतु भारतीय लायकियन श्रेष्ठ, असा त्याचा निर्वाळा आहे. त्याच शतकातील 'पेरिप्लस' या समुद्रव्यापाराच्या ग्रंथात सिंधूच्या मुखाशी असलेले बार्बरिकॉन आणि आपल्या शेजारचे भडोच या दोन्ही बंदरांतून लायकियन निर्यात होत असल्याची नोंद आहे. भूमध्यसागराच्या काठी हे औषध ठेवण्याच्या इवल्याशा कुप्या, नाव कोरलेल्या अशा, उत्खननांत सापडल्या आहेत. हे लायकियन म्हणजे काय याचा उलगडा एकोणिसाव्या शतकात झाला. सहारनपूरच्या वनस्पतिउद्यानाचे प्रमुख राहिलेले जॉन फोर्ब्ज रॉईल यांनी १८३०च्या दशकात, ते हिमालयातील बर्बेरिसपासून काढलेले 'रसौत', म्हणजे आपले रसांजन होय, असे प्रतिपादन केले. हा निर्णय पुढे बहुतेकांनी स्वीकारला. एका हिमालयीन जातीला त्यांनी दिलेले 'बर्बेरिस लायसियम' हे नाव त्याचीच खूण आहे.

दारुहरिद्रेचा क्वाथ, त्यात समभाग दूध, आणि घन होईपर्यंत मंद पाक, ही रसांजनाची कृती आपल्या प्रत्येक विद्यार्थ्यास पाठ असते. युरोपीय बार्बेरीपासून असा घनसार करून डोळ्यात घालण्याची परंपरा तेथे रुजली नाही. कच्चे द्रव्य अंगणात होते, पण त्याचा संस्कार अंगणात नव्हता. म्हणून तो समुद्रापलीकडून मागविला जात होता.

मात्र या झुडपाची खरी ख्याती, किंवा कुख्याती, औषधामुळे नाही. ती गव्हामुळे आहे.

काटेरी असल्याने जनावरे त्याला तोंड लावीत नाहीत. म्हणून शेताच्या कडेला कुंपण म्हणून ते लावले गेले आणि खडकाळ उतारावरून सपाट पिकाऊ जमिनीत उतरले. ब्रिटन, स्कँडिनेव्हिया आणि पुढे वसाहतवाल्यांबरोबर उत्तर अमेरिकेतही पोहोचले. मग शेतकऱ्यांच्या एक गोष्ट लक्षात येऊ लागली : ज्या कुंपणात बार्बेरी, त्याच्या लगतच्या गव्हावर खोडाचा तांबेरा सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त. कारण कोणालाच ठाऊक नव्हते. तरीही कनेक्टिकट वसाहतीने १७२६ मध्येच ही झुडपे तोडण्याचा अधिकार गावांना देणारा कायदा केला. मॅसॅच्युसेट्स आणि ऱ्होड आयलंड यांनी त्याच शतकात तिचे अनुकरण केले.

विद्वानांनी याला अडाण्यांची समजूत मानले. त्यांचा आक्षेप निराधार नव्हता. बार्बेरीच्या पानांच्या खालच्या बाजूस येणारे नारिंगी, पेल्यासारखे पुटकुळे आणि गव्हाच्या खोडावरील तांबूस-काळ्या रेषा यांत दिसण्यात काहीच साम्य नाही. शास्त्रज्ञांनी या दोन बुरशींना दोन स्वतंत्र नावेही दिलेली होती. डेन्मार्कमधील निल्स पेडरसन शोलर हे एक शाळामास्तर होते. त्यांनी १८१६ मध्ये बार्बेरीची रोगट पाने राय नावाच्या धान्याच्या ओल्या रोपांवर चोळून तांबेरा उत्पन्न करून दाखविला. तत्कालीन वनस्पतिशास्त्रज्ञांना तो पटला नाही. अखेर १८६५ मध्ये अँटोन डी बारी या जर्मन शास्त्रज्ञाने क्रमशः प्रयोग करून सिद्ध केले, की दोन नावांची ती बुरशी एकच आहे आणि आपले आयुष्य ती दोन घरी काढते. तिथे दोन नावांमागे एक वस्तू होती. आपल्या बाजारातील दारुहरिद्रेचे दुखणे नेमके उलट आहे : नाव एक आणि वस्तू अनेक.

त्या बुरशीचा क्रम असा. हंगामाच्या शेवटी गव्हाच्या काडावर काळे, जाड कवचाचे बीजाणू तयार होतात. ते थंडीभर काडात निद्रिस्त राहतात. वसंतात त्यांना फूट येते, पण त्यातून निघालेले सूक्ष्म बीजाणू गव्हाला बाधू शकत नाहीत. त्यांना बार्बेरीचे कोवळे पानच हवे. त्या पानावर बुरशीचा समागम होतो, ही गोष्ट कॅनडातील क्रेगी यांनी १९२७ मध्ये दाखविली, आणि तेथून निघालेली पिढी वाऱ्याने गव्हावर जाते. अर्थात बार्बेरीमुळे रोग लवकर येतो एवढेच नव्हे, तर तिच्या पानावर बुरशीच्या नवनव्या जाती जन्माला येतात आणि कालपर्यंत तांबेऱ्याला दाद न देणारा गव्हाचा वाण आज बळी पडतो.

हे कळल्यावर झुडपाची गय झाली नाही. डेन्मार्कने १९०३ मध्ये कायद्याने बार्बेरी उखडली आणि तेथील तांबेऱ्याच्या साथी ओसरल्या. अमेरिकेत १९१६ च्या भीषण साथीनंतर, महायुद्धातील धान्यटंचाईच्या छायेत, १९१८ मध्ये देशव्यापी मोहीम निघाली. शाळकरी मुलांनाही झुडपे शोधण्याच्या कामी लावले गेले, मुळांवर मिठाची पोती रिती केली गेली, आणि पुढील काही दशकांत कोट्यवधी झुडपे नष्ट झाली. औषधी वनस्पतींच्या इतिहासात एखाद्या जातीचा इतका पद्धतशीर संहार आम्हाला दुसरा आठवत नाही.

गोष्ट तेथेही संपली नाही. ब्रिटनमध्ये बार्बेरी दुर्मीळ झाल्यावर तिच्याच पानांवर जगणारा एक पतंग नामशेष होण्याच्या बेतास आला, आणि त्याच्या रक्षणासाठी निसर्गप्रेमी मंडळी पुन्हा बार्बेरी लावू लागली. इकडे २०१० मध्ये असेही सिद्ध झाले की गव्हाच्या पिवळ्या तांबेऱ्यालाही बर्बेरिस आश्रय देते. २०१३ मध्ये इंग्लंडमधील सफोक परगण्यात गव्हाच्या एका रोपावर खोडाचा तांबेरा सुमारे साठ वर्षांनी प्रथमच दिसला. २०१६ मध्ये सिसिली बेटावर मोठी साथ आली. आज पतंग वाचवू पाहणारे आणि गहू वाचवू पाहणारे एकाच झुडपाविषयी समोरासमोर बसून, ते शेतापासून किती अंतरावर असावे याचा हिशेब मांडीत आहेत.

आता आपल्या देशाकडे वळू. हिमालयात बर्बेरिसच्या अनेक जाती आहेत, पायथ्याशी गहू आहे; मग हाच प्रकार येथे घडतो काय? आग्रा येथील प्राध्यापक करमचंद मेहता यांनी आयुष्याची अनेक वर्षे या एका प्रश्नाला दिली. त्यांचा निष्कर्ष असा की भारतात तांबेऱ्याच्या वार्षिक प्रसारात बार्बेरीला कार्यभाग नाही. मैदानातील ग्रीष्माच्या उष्म्यात तांबेऱ्याचे बीज टिकत नाही. ते हिमालयाच्या आणि दक्षिणेतील निलगिरी-पलनीच्या थंड डोंगरांवर अवेळी वाढणाऱ्या गव्हावर जगते आणि तेथून वाऱ्याबरोबर खाली उतरते. महाराष्ट्राच्या गव्हावर येणारा तांबेरा दक्षिणेकडून येतो. महाबळेश्वरला गहू गेरवा संशोधन केंद्र आहे, त्याचे प्रयोजन या तांबेऱ्यावरील संशोधन हेच.

तेव्हा युरोपात जे झुडूप गव्हाचा शत्रू ठरले, त्याची भगिनी भारतात या आरोपातून मुक्त आहे. वंश तोच, बुरशी तीच. देश आणि काल निराळे, म्हणून कर्म निराळे. औषधी द्रव्याच्या परीक्षेत 'देश' हा विचार चरकाचार्यांनी का घातला असावा, याचे याहून स्पष्ट उदाहरण आधुनिक शास्त्रातून आम्हाला देता येणार नाही.

आता बर्बेरिन. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जर्मन रसायनज्ञांनी बार्बेरीच्या मुळाच्या सालीतून हा पिवळा, कडू क्षार वेगळा केला, म्हणून झुडपाचे नाव त्याला चिकटले. वास्तविक तो याच वंशाची मिरास नाही. दक्षिणेत 'मरमंजल' म्हणून जी वेल दारुहरिद्रेच्या नावे विकली जाते, त्या कॉसिनियम फेनेस्ट्रेटममध्येही तो विपुल आहे, आणि ती तर गुडूचीच्या कुळातील. चीनमधील 'ह्वांगल्येन' ही आणखी तिसऱ्याच कुळातली. केवळ बर्बेरिन सापडले म्हणून वनस्पती एक मानायची, तर या तिघींनाही दारुहरिद्रा म्हणावे लागेल.

या क्षारावरील संशोधन कमी लेखण्याचे कारण नाही. २००४ मध्ये त्याचे कोलेस्टेरॉल घटविणारे कार्य व त्याची यंत्रणा प्रसिद्ध झाली. २००८ मध्ये चीनमध्ये मधुमेहाच्या ३६ रुग्णांवर तीन महिने तुलनात्मक प्रयोग झाला. त्यात रक्तशर्करेवर त्याचा परिणाम मेटफॉर्मिनच्या तोडीचा आढळला. निष्कर्ष उत्साहवर्धक, संख्या अल्प. वजनावरील त्याचा परिणाम माफक आहे आणि ओझेम्पिकशी तुलना ही जाहिरातदारांची आहे, संशोधकांची नव्हे. शिवाय हा क्षार आतड्यातून अत्यल्प शोषला जातो. यकृतातील औषधे विघटित करणाऱ्या विकरांना तो अडथळा करतो, त्यामुळे सायक्लोस्पोरिनसारख्या औषधाची रक्तातील पातळी वाढते. नवजात अर्भकाच्या रक्तात तो बिलिरुबिनला प्रथिनापासून सुटे करतो व कामला घातक होऊ शकते. याच भयाने सिंगापूरने १९७८ मध्ये त्यावर निर्बंध घातले होते. ते २०१०च्या दशकात उठविले गेले. गर्भिणी, सूतिका आणि अर्भक यांना तो देऊ नये, याविषयी मतभेद नाही.

आपल्या संहितांतील दारुहरिद्रा अशी एकटी, क्षाररूपाने कोठेही येत नाही. चरकाने तिला लेखनीय, अर्शोघ्न व कण्डूघ्न या दशेमानींत इतर नऊ-नऊ द्रव्यांच्या संगतीत बसविले आहे. प्रमेहचिकित्सेत देवदारू, त्रिफळा आणि मुस्ता यांच्यासह तिचा क्वाथ सांगितला आहे. रुग्ण प्रमेही आहे एवढ्यावर तो योग ठरत नाही. दोष, बल, कोष्ठ पाहून ठरतो. बाटलीवर पाचशे मिलिग्रॅमचा आकडा पाहून दिवसातून तीनदा गोळी घेणाऱ्या कृश, रूक्ष, वातप्रधान मधुमेह्याला आम्ही मलावष्टंभ आणि पोटदुखीने त्रासलेला पाहिला आहे. लेखन द्रव्य अपतर्पणयोग्य नसलेल्या देहात गेले की दुसरे काय होणार?

आणखी एक मुद्दा हिमालयाचा. रसांजनासाठी आणि खोडासाठी दारुहरिद्रा मुळासकट उपटली जाते. झुडूप सावकाश वाढते, आणि कित्येक ठिकाणी ते विरळ झाले आहे. मरमंजलची वेल तर त्याहून संकटात आहे. अशा स्थितीत युरोपीय बार्बेरी प्रतिनिधिद्रव्य म्हणून का स्वीकारू नये, असा प्रस्ताव काही मंडळी मांडतात. भावमिश्रांनी अभावद्रव्यांची परंपरा मान्य केलेली आहे, तेव्हा प्रस्ताव मुळातच त्याज्य ठरत नाही. मात्र प्रतिनिधी हा प्रतिनिधी म्हणूनच नोंदला गेला पाहिजे. चूर्णाच्या वेष्टनावर 'दारुहरिद्रा' छापून आत बर्बेरिस व्हल्गॅरिसचा अर्क भरणे ही अभावप्रतिनिधीची योजना नसून भेसळ आहे. त्या सालीचे रस-वीर्य-विपाक आपल्या पद्धतीने, आपल्या रुग्णांवर अद्याप कोणी निश्चित केलेले नाहीत. ते काम आपल्या महाविद्यालयांच्या द्रव्यगुण विभागांनी हाती घ्यावे. हिमालयीन झुडपाची मूळ न उपटता, फांद्या छाटून घेण्याची पद्धत रुजविणे त्याहूनही निकडीचे.

तोवर रुग्णाने बाटली पुढे केली तर ती हातात घेऊन तीन गोष्टी वाचाव्यात : जातीचे पूर्ण लॅटिन नाव, वनस्पतीचे अंग, आणि आत अर्क आहे की शुद्ध क्षार. 'बार्बेरी' एवढेच लिहिले असेल तर ती बाजूला ठेवावी. मेटफॉर्मिन किंवा रक्तदाबाची औषधे चालू असतील तर त्यांची नावे केसपेपरवर उतरवून घ्यावीत. आणि दारुहरिद्रेचे पोते घेताना व्यापाऱ्याकडून एक अखंड तुकडा मागून आडवा कापून पाहावा. वेलीच्या खोडात चाकाच्या आऱ्यांसारखी रुंद किरणे साध्या डोळ्यांना स्पष्ट दिसतात. बर्बेरिसचे लाकूड घट्ट व कठीण असते, त्यात किरणे असतात पण ती इतकी रुंद नसतात.